हवाई पट्टीवर सडा

पट्टीवाल्या भाऊले हेलिकाप्टर आवडत नव्हतं. म्हणे, "ते हवाई जहाज नोहे बाई, तो पंखा हाय. जागच्या जागी बसते, जागच्या जागी उठते. त्याले पट्टी कायले पाहिजे?" इलेक्शनच्या टायमाले हेलिकाप्टर येत होते. धूळ उडे, घरावरचे कवेलू सरकत, एखादा पुढारी उतरे, हात जोडे अन् जाय. भाऊ तेवढा वेळ पाठ फिरवून उभा राहे. कोणी म्हटलं, "काहून गा, आज त सवारी आली तुही," त म्हणे, "जे पट्टीवर धावलं नाही ते आलं नाही."

बिरसा तहसीलाच्या इकडं, जंगलाच्या काठाले, आमच्या गावाच्या मांगं ही हवाई पट्टी हाय. डांबराची, लांब, सरळ, दोन्ही बाजूनं वावरं. मोठे लोक कान्ह्याच्या जंगलातले वाघ पाहाले जहाजानं येतीन म्हणून सरकारनं बांधली, असं म्हणत. मोठे लोक जीपनंच आले. पट्टी राह्यली अन् पट्टीवर चौकीदार म्हणून भाऊ राह्यला. त्याले नाव होतं, पण कोणी घेत नव्हतं. मी भाऊ म्हणो, तो मले बाई म्हणे. जहाजाले तो जहाज कमीच म्हणे, सवारी म्हणे. रोज सकाळी दात घासता घासता सांगे, "आज सवारी येऊ शकते."

गिधाडाले मात्र मान देत होता. गिधाड उडायच्या आधी धावते. पट्टीच्या टोकाले मेलेलं ढोर पडलं की गिधाडं जमत, अन् पोट भरलं की डांबरावरून धावत धावत उडत. भाऊ उभा राहून पाहे. "पाह्य, कसं उचललं त्यानं," म्हणे. आता गिधाडं नाही राह्यले. आता गोंदियाकडून लहान लहान जहाजं येतात, पोट्टे शिकतात त्याच्यात. भाऊच्या वक्ताले गिधाडंच जास्त होते.

पट्टीचा सगळा इतिहास त्याले तोंडपाठ. नवा माणूस दिसला की त्याले धरून सांगे. पहिलं जहाज उतरलं ते चुकून. त्याले गोंदियाले जायचं होतं. पायलटनं उतरून विचारलं, "ये गोंदिया है?" भाऊ म्हणाला, "नहीं साहब, पर आप बैठिये." पायलट बसला नाही. दुसरं जहाज एका मोठ्या साहेबाचं. त्याले वाघ दिसला नाही, जातानी तो भाऊवरच रागावला. तिसऱ्या जहाजात पायलटबिगर कोणी नव्हतं, तो लघवीले उतरला होता. भाऊ हे तिन्ही सारख्याच आदरानं सांगे. लघवीवाल्याचं त जास्तच. म्हणे, "एवढं मोठं आभाळ, एवढं मोठं जंगल, पण त्यानं ही जागा निवडली."

वारा कुठून येऊन राह्यला ते जहाजवाल्याले समजावं म्हणून तिथं खांबावर कापडाचा झोला लावलेला राहते. सरकारी झोला फाटला. भाऊनं अर्ज केला, झोला आला नाही. मंग त्यानं आपल्या पायजम्याचा एक पाय कापून लावला. दुसरा पाय पेटीत जपून ठेवला, पहिला फाटला त लागन म्हणून. गावातल्या बाया हसत. वारा त्याच्यात बरोबर भरत होता.

मी तिथं कशी गेली ते सांगते. नवरा भरवेलीच्या खदानीत होता. त्याची छाती भरली, खोकत खोकत गेला, लय दिवस लागले त्याले. खदानीची खोली सोडा लागली. सासरी दिरानं दारातच सांगतलं, जागा नाही. जागा होती. पोरीले घेऊन बहिणीच्या गावी आली. बहिणीच्या घरी खरंच जागा नव्हती, पण ती तसं बोलली नाही. मी पट्टीचं गवत कापाच्या कामावर लागली. दुपारी पोरगी झाडाखाली झोपे. एक दिवस भाऊनं पाह्यलं की मी कामावरून घरी जातच नाही, तिथंच झाडाखाली बसून राहते.

"घर कुठं हाय, बाई?"

"नाही."

त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "पंपाची खोली खाली हाय. पंप चोरीले गेला."

तवापासून मी पंपाच्या जागी राह्यली. दार नव्हतं, त्यानं टिनाचं लावून देलं. भाडं घेतलं नाही. फक्त सांगतलं, चुलीचा धूर पट्टीवर येऊ द्यायचा नाही, पायलटच्या डोळ्यात जाईन.

गावाची वाट पट्टीच्या मधातून जाय. भाऊचा कायदा असा की काठाले थांबायचं, तो आभाळ पाहीन, हात करन, तेव्हाच पार व्हायचं. बकऱ्या असो का तहसीलदार. एकदा वरात आली. भर उन्हाची, पुढं बँड, मांगं नवरदेव. भाऊनं थांबवली.

नवरदेवाचा मामा समोर आला. "काहून गा, जहाज येऊन राह्यलं का?"

"सांगता येत नाही."

"मागचं कधी आलतं?"

"तीन साल झाले."

"मंग?"

"मंग आता त याचीच पाळी हाय."

बँडवाल्यायनं तोवर तिथंच वाजवून घेतलं. नवरदेवाचा शेला घामानं भिजला. भाऊनं चारही बाजूनं आभाळ पाह्यलं अन् मंग हात केला. तेवढ्या वेळात त्याच्या पाठीमांगून पाटलाची म्हैस अर्धी पट्टी चालून गेली, ते त्याले दिसलं नाही. मामा जाता जाता म्हणाला, "तुही बायको काहून पळाली ते आज समजलं."

बायको पळाली नव्हती, सांगून गेलती. राजेगावची होती, साधी बाई. मी नवीनच होती तेव्हा. मलेच म्हणाली, "मी रांधते, हा ताट घेऊन बाहेर जाते अन् पट्टीकडं तोंड करून उभ्यानं खाते. सवत असती त केस धरून भांडली असती. या डांबराशी काय भांडू, वो?" पिशवी घेतली अन् राजेगावच्या मोटारीत बसली. भाऊनं तिले पट्टी पार करून देली, आभाळ पाहून.

आता मोहाचं सांगते. उन्हाळ्याच्या तोंडी जंगलात मोहफुलं पडतात. बाया पहाटेच वेचाले जातात. मंग ते वाळवा लागते. मातीवर वाळवलं त खडे लागतात, दलाल भाव पाडते. डांबरावर मोहफूल चांगलं वाळते, कोरडं खडखडीत. म्हणून साऱ्या गावच्या बाया भाऊच्या मांगं लागल्या. भाऊनं हौ म्हटलं, पण त्याची रीत होती. मोह डांबरावर थेट टाकायचं नाही. जुनं लुगडं अंथरायचं, त्याच्यावर टाकायचं. शिट्टी वाजली की लुगड्याचे चार कोपरे धरायचे अन् गाठोडं घेऊन बाजूच्या वावरात पळायचं.

अन् शिट्टी तो रोज वाजवे. जहाज नाही, काही नाही. आम्ही पळत जावो. मंग तो पट्टीच्या एका टोकावरून सायकल घेऊन निघे. मधोमध, सरळ, घंटी न वाजवता. तो जहाज होता. ज्या बाईचं लुगडं सायकलच्या मधात आलं तिची त्या दिवसाची जागा गेली. तोंडानं आवाज काढत नव्हता. सखूबाईनं एकदा विचारलं, "घुर्र घुर्र त करा भाऊ, आमाले समजीन तरी." तो म्हणाला, "मी काय लहान पोट्टा आहो का?" अन् सायकल घेऊन पुन्हा टोकाले गेला.

सखूबाई तोंडाची फाटकी. माह्या बाजूलेच तिची जागा. गाठोडं घेऊन पळता पळता शिव्या दे. "जहाज येईन तेव्हा येईन, तोवर हा माणूस आमाले मारीन." पण एकीनंही जागा सोडली नाही. त्या मोहावर सगळ्यांयचे तेल-मीठ चालत होते.

मंग एक वर्सी उन्हाळ्यातच तहसीलातून माणूस आला. म्हणाला, वरून साहेब येऊन राह्यला, जहाजानं. पट्टीवर जहाज बरोबर उतरते का ते पाहीन. उतरलं त पट्टी ठेवतीन. नाही उतरलं त पट्टी फोडतीन अन् सागवान लावतीन.

सागवान लावलं असतं त माही खोली पहिले पडली असती. पोरगी आठवीत होती, तिथून बिरसाच्या शाळेत जाय. बहिणीच्या घरी तवर सुना आलत्या. मले दुसरी जागा नव्हती. मी कोणाजवळ बोलली नाही. बोलून काय, सगळ्यांयले माहीतच होतं. भाऊ मात्र एकदा म्हणाला, "बाई, सामान नको बांधू."

मी म्हटलं, "सामान हाय कुठं?"

त्या आठवड्यात त्यानं पट्टी हातानं झाडली. गावची ढोरं बांधून ठेवाले लावली. मोह बंद. पायजम्याचा नवा पाय लावला. साहेब येणार त्या दिवशी पहाटे तो दाढी कराले अन् हार आणाले सायकलनं बिरसाले गेला. इकडं आम्ही बाया जमलो. काय करावं ते कोणाले समजत नव्हतं. आपल्या दारात एवढा मोठा माणूस येते अन् दार असंच? कोणीतरी म्हटलं, सडा टाकू. सगळ्यांयलेच पटलं. दुसरं काय येते आमाले?

गावातलं सारं शेण आणलं. बाल्ट्या, घागरी, टोपले. बोरिंगवरून पाणी. डांबरावर सडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हातानं फिरवून घेतला, कुठं काळं दिसू देलं नाही. लांब पट्टी ती, कमरा मोडल्या. टोकाले सखूबाईच्या सुनेनं रांगोळी काढली. ऊन चढलं, सडा वाळला. लय चांगला दिसत होता.

भाऊ आला. चकाचक दाढी, सायकलच्या हँडलले हार. काठाले थांबला. बराच वेळ पाहत राह्यला. मले वाटलं रागावन. तो म्हणाला, "माह्या मायच्या अंगणासारखं दिसून राह्यलं, वो." दुपट्ट्यानं डोळे पुसले. चाकाचे चट्टे उमटतीन म्हणून सायकल खांद्यावर घेतली अन् कडेकडेनं चालत गेला.

जहाज आलं. लहान, पांढरं. पहिले आवाज आला, मंग दिसलं. भाऊ हार घेऊन उभा. आम्ही डोक्यावर पदर घेऊन एका रांगेत. जहाज आमच्यावरून गेलं. जंगलाकडं गेलं, फिरलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

सखूबाई म्हणाली, "आंधळा हाय का हा? एवढं सजवून ठेवलं."

जहाज आता बिरसाच्या सडकेवर फिरत होतं. मंग वापस येऊन पाटलाच्या वावरावर. भाऊनं वर पाह्यलं. मंग खाली पाह्यलं, पट्टीकडं. मंग बाजूच्या वावराकडं. उन्हाळ्याची वावरं, मातीच माती. अन् आमची पट्टी, शेणाची. एकच रंग. काळं होतं ते आम्ही आपल्या हातानं झाकून टाकलं होतं. एवढे वर्स त्या पट्टीवर काढले, पण वरून ती कशी दिसते हे आमच्यातल्या कोणालेच माहीत नव्हतं. त्यालेही नाही.

जहाज वळून दूर जाऊ लागलं. मी माह्या खोलीकडं पाह्यलं. टिनाचं दार चमकत होतं.

भाऊनं हार फेकला अन् शिट्टी वाजवली.

आम्ही सवयीनं वावरात पळालो.

"उलटं!" भाऊ बोंबलला. "आज उलटं, वो! लुगडे आणा! दोन्ही काठाले अंथरा!"

मोहाचे लुगडे माह्याच खोलीत ठेवले होते. ज्या पळत गेल्या त्यायनं ओढून आणले. लाल, हिरवे, पिवळे, जांभळे, फाटके, ठिगळाचे. काठाकाठानं दोन ओळी घातल्या. सखूबाईले कमी पडलं त तिनं अंगावरचं लुगडं सोडलं अन् परकरावरच उभी राह्यली. म्हणाली, "साहेबाले माही लाज नाही दिसत, पट्टी दिसू दे." अन् भाऊ सायकलवर बसला. टोकावरून निघाला, मधोमध, सरळ. त्याच्या मांगं सड्यावर चाकाची रेघ उमटत होती.

जहाज वळलं.

भाऊ अर्ध्यात पोचला होता. आवाज खाली येऊन राह्यला तशी सायकल त्यानं बाजूले घेतली अन् सायकलसकट वावरात पडला. जहाज त्याच्या बाजूनं धावत गेलं. शेणाची धूळ अशी उठली की पाच मिनिट काही दिसलं नाही. बसली तेव्हा जहाज पट्टीवर उभं होतं.

साहेब उतरला. पायाखाली पाह्यलं. "ये क्या है?"

भाऊ लंगडत आला. "सडा, साहब."

"क्या?"

"गोबर."

"रनवे पे गोबर किसने डाला?"

भाऊ म्हणाला, "मैंने डलवाया, साहब."

सखूबाई कुजबुजली, "हा त बिरसाले होता." मी तिले कोपरानं ढोसलं.

साहेब लय बोलला. अर्धं इंग्रजीत बोलला, ते आमाले लागलं नाही. तो तिकडं पट्टी पाहाले गेला तेव्हा भाऊ पायलटजवळ गेला. मी बाजूलेच होती. त्यानं विचारलं, "साहब, ऊपर से कैसी दिखती है?"

पायलट म्हणाला, "दिखी कहाँ, दादा? खेत ही खेत. फिर रंगीन कपड़े दिखे, और बीच में एक आदमी साइकल पे."

"आदमी कैसा दिखा?"

"चींटी जैसा."

भाऊ एवढा खूश मी त्याले कधी पाह्यला नव्हता. सखूबाईले जाऊन सांगतलं, "मी दिसलो. वरून दिसलो."

साहेब वापस आला. म्हणाला, पट्टी राहीन. जहाज उतरलं, झालं. पण कुंपण लागन. मोह बंद, लुगडे बंद, गावची वाट बाहेरून. मंग त्याले माह्या खोलीच्या चुलीचा धूर दिसला. इथं किती लोक राहतात म्हणून विचारलं. भाऊनं सांगतलं, तो पट्टीच्या ऑफिसात अन् बाई पंपात. साहेब म्हणाला, सरकार एकाच माणसाले इथं राहू देईन, चौकीदाराले. दुसऱ्याले जा लागन.

मी पदर नीट केला. मनात म्हटलं, झालं. पोरीची शाळा सुटाले अजून वेळ होता, तोवर भांडे बांधून होतीन.

भाऊ म्हणाला, "साहब, फिर इसको रखिये."

साहेबानं माह्याकडं पाह्यलं. "इसको? इसको हवाई जहाज का क्या मालूम?"

"कुछ नहीं मालूम. इसीलिये. देखिये साहब, जिसको जहाज का शौक है उसको यहाँ नहीं रखना. मैं दिन भर ऊपर देखता हूँ, नीचे गाय घुस जाती है. इसको कोई शौक नहीं. ये नीचे देखती है."

साहेबानं मले विचारलं, "सच है?"

मी म्हटलं, "हौ. मले काही हौस नाही." खरंच होतं ते. मी त्या जहाजाकडंही नीट पाह्यलं नव्हतं, लुगडे उडून जाऊन राह्यले होते त्यायच्याकडं पाहत होती.

पाऊस लागायच्या आधी माह्या नावाचा हुकूम आला. बायको गेलती त्याच मोटारीनं भाऊ राजेगावले गेला, तिच्याकडं. जातानी मी विचारलं, "काहून केलं असं?"

"खोटं काय सांगतलं?" तो म्हणाला. "पाटलाच्या म्हशीचं तू कधी बोलली नाही. पण मले माहीत होतं."

मागून निरोप आला की बायकोनं घरात घेतलं. अट एकच घातली, बसून जेवायचं. पोरगी बारावी झाली, मंग तिचं लगन झालं, ती आता गोंदियाले हाय. मी पगाराची चौकीदारीण झाली. सखूबाई कुंपणाच्या बाहेरून बोंबले, "काय वो साहेबीण, कोणी आलं का?" तिनं मोह मातीवरच वाळवलं मंग, साऱ्यायनंच. भाव पडला. कोणी मले बोललं नाही. भाऊ मात्र कधी आला नाही. पट्टी पाह्यली त वापस जाता येणार नाही, असं म्हणे म्हणत होता.

या उन्हाळ्यात सकाळी राजेगावहून त्याच्या पुतण्याचा फोन आला. भाऊ गेला. दुपारी माती हाय, या म्हणाला. मी लुगडं बदललं, पिशवी घेतली. तेवढ्यात बिरसाच्या तहसीलातून दुसरा फोन. दुपारी जहाज येऊन राह्यलं, पट्टी खाली ठेवजो.

पिशवी खाली ठेवली. पट्टीच्या मधात पाटलाच्या दोन गाई बसल्या होत्या, कुंपण तिथं तुटलं हाय. त्यायले उठवलं, बाहेर काढलं, काटे टाकले. मातीले गेली असती त भाऊच रागावला असता.

जहाज बरोबर उतरलं. नवराबायको होते, वाघ पाहाले आलते. जीप यायची होती, तोवर माह्या दारासमोर सावलीत बसले. पाणी मांगलं, देलं. बाईनं इकडं तिकडं पाह्यलं, सारं खाली.

"अम्मा, यहाँ अकेली रहती हो?"

"हाँ," मी म्हटलं. "आज से."